बेवारस खुर्ची

मला खुर्ची हवी होती ती बसायला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण खुर्ची म्हटलं की लोकांचे कान भलतीकडे वळतात. मला कुणावर राज्य करायचं नव्हतं. मला लिहायचं होतं आणि लिहिताना पाठीला टेकू हवा होता. इतकी साधी मागणी माणसानं जन्मात केली नसेल आणि इतकी माती दुसऱ्या कुठल्या मागणीची झाली नसेल.

बावीस वर्षं मी लोखंडी ट्रंकेवर बसून लिहितोय. ट्रंकेत गरम कपडे असतात. त्यामुळे परिच्छेद ऐन रंगात आला की बायको येऊन म्हणते, "अहो, जरा उठता का, स्वेटर काढायचाय." माझ्या लेखनाचा उत्तरार्ध कच्चा असतो, असं एका संपादकानं मला कळवलं होतं. त्या शहाण्याला एकदा ट्रंकेचं झाकण दाखवायला हवं होतं. घरात खुर्च्या दोन आहेत. एकीवर मुलगी बसून अभ्यास करते आणि दुसरीवर तिचा अभ्यास बसतो. मग विकत का घेतली नाही, असं विचारणारे विचारतातच. दुकानातली खुर्ची ज्या मापाच्या माणसासाठी बनवतात, तो माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिवाय मी सगळंच स्वतः शिकलेला माणूस. आठवीत शाळा सुटली, पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात उभ्यानं वाचलं. व्याकरण स्वतः शिकलो, तर सुतारकाम काय अवघड, असं मला वाटलं. इथे माझी पहिली चूक झाली. व्याकरण चुकलं तर अंगठ्यातून रक्त येत नाही.

लाकूड होतं. आमच्या इमारतीचे जुने दरवाजे जिन्याखालच्या खोलीत पडून होते. हत्यारं मात्र माझ्याकडे नव्हती. करवत होती तळमजल्यावरच्या घड्याळजींकडे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढी मोठी करवत कशाला लागते, हे मी विचारलं नाही. हातोडी आणि पटाशी पहिल्या मजल्यावरच्या सिस्टरांकडे. या निवृत्त परिचारिका. रंधा आणि गिरमिट होतं माझ्या समोरच्या दारातल्या काकांकडे. काकांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. ते अजूनही बोलता बोलता दुसऱ्याच्या वाक्यातला स्वल्पविराम दुरुस्त करतात.

प्रत्येक हत्यारासोबत मला एकेक व्याख्यान फुकट मिळालं. करवत नेली की घड्याळजी दर अर्ध्या तासानं येऊन तिचे दात मोजून जायचे. शेवटी वैतागून मी जिन्यात सगळ्यांदेखत म्हणालो, "त्यापेक्षा सगळ्यांची हत्यारं खाली एका खोलीत ठेवू या ना! ज्याला लागेल त्यानं वापरावीत. तुझं-माझं कशाला?"

हे मी केवळ वैतागानं म्हणालो होतो. पण काकांचे डोळे एकदम भरून आले. सिस्टरांनी कठड्यावर हात आपटला आणि म्हणाल्या, "लेखका, तीस वर्षांत या इमारतीत कुणीतरी शहाण्यासारखं बोललं!"

मला काय माहीत, की या दोघांनी तरुणपणी वेगवेगळ्या अभ्यासमंडळांत बसून वेगवेगळी पुस्तकं पाठ केलेली होती, आणि चाळीस वर्षं ते कुणीतरी असं वाक्य बोलेल याची वाट बघत होते! आठवड्यात खोली झाडून झाली, भिंतीला खिळे लागले, खिळ्यांना हत्यारं लागली. मालकी ही माणसाच्या डोक्यातली कीड आहे यावर दोघांचं एकमत होतं. दारावर पाटी हवी असं ठरलं आणि मजकूर लिहायचं काम, इमारतीतला एकमेव लेखक म्हणून, माझ्याकडे आलं. मी तीन दिवस घेतले. चौदा खर्डे फाडले. शेवटी एक वाक्य जमलं : "येथील कोणत्याही वस्तूस मालक नाही." काकांनी ते तपासलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "निर्दोष." माझ्या कुठल्याही लिखाणाला हा शब्द त्याआधी लागलेला नव्हता.

मग सहा आठवडे मी खुर्ची बनवली. बनवली म्हणजे काय, तर लाकडाला नको नको ते केलं. एक पाय बोटभर आखूड झाला. तो लांब करता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. मग बाकीचे तीन आखूड करायला घेतले, तेव्हा सिस्टर ओरडल्या, "थांब! अशानं पाट होईल तिचा!" पाठीची मधली पट्टी त्यांनी बसवली, हाडं बसवल्यासारखी, कचकन. हाताच्या दांड्या घड्याळजींनी घासल्या, तेही डोळ्याला भिंग लावून. एक दांडी आरशासारखी झाली आणि दुसरीपर्यंत ते पोचलेच नाहीत. काका शेजारी उभे राहून चुका दाखवत होते.

पण ती उभी राहिली. मी बसलो. टेकलो. खरं सांगतो, पाठीच्या कण्याला बावीस वर्षांनी कुणीतरी "कसा आहेस रे?" म्हणून विचारल्यासारखं वाटलं. मी उठलो आणि खुर्ची उचलून जिना चढायला लागलो.

"कुठे?" सिस्टर म्हणाल्या.

"घरी."

"कुणाच्या?"

हा प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला होता.

"माझ्या," मी म्हणालो. "खुर्ची माझी आहे."

"तुझी कशी? पाटी कुणी लिहिली?"

"सिस्टर, पाटी हत्यारांबद्दल आहे," काका मध्ये पडले. मला वाटलं, चला, एक तरी शहाणा निघाला. "हत्यारं सगळ्यांची, खोली सगळ्यांची, लाकूड सगळ्यांचं. पण बनवलेली वस्तू ज्यानं कष्ट केले त्याची. घामाचं फळ घाम गाळणाऱ्याला. हाच खरा समूहवाद."

"बरोबर!" मी म्हणालो.

"तेव्हा कष्टाच्या प्रमाणात," असं म्हणून काकांनी खिशातून वही काढली. सहा आठवडे हा माणूस प्रत्येकाचे तास लिहीत होता! "एकूण तास एकाहत्तर. लेखकमहाशय चव्वेचाळीस, घड्याळजी बारा, सिस्टर नऊ, मी सहा. म्हणजे खुर्चीचे सुमारे अडीच पाय तुमचे."

"तुमचे सहा कसले? तुम्ही नुसते उभे होतात!"

"मी चुका दाखवल्या. चाळीस वर्षं मी तेच केलं आणि त्याला कष्टच म्हणतात."

"आणि उरलेला दीड पाय?"

"तो आमचा. तुम्ही बसा, पण आमच्या वाट्याच्या वेळेत उठा."

"बघितलंस?" सिस्टर मला म्हणाल्या. "हत्यारं सगळ्यांची केली आणि माल मात्र परत वाटून घ्यायला बसले. मागच्या दारानं मालक परत आत! आम्ही साम्यवादी असं म्हणत नाही. वस्तूसुद्धा सगळ्यांची. ज्याला जमेल तसं त्यानं काम करावं आणि ज्याला लागेल तसं त्यानं घ्यावं. तास कसले मोजताय? ज्यानं ही करवत घडवली त्याचे तास आहेत का तुमच्या वहीत? ज्यानं हे झाड लावलं त्याचे?"

"आणि मी?" वरून आवाज आला. बायको कठड्यावरून वाकून ऐकत होती. "सहा आठवडे हे खाली लाकूड कापत होते. वरचा गळका नळ मी बसवला, यांच्या अंगठ्याला पट्टी मी बांधली, जेवण खाली मी पाठवलं. त्याचे तास कुठल्या पानावर आहेत काका?"

काकांनी पानं उलटली. रकाना नव्हता. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या.

पण काकाही कच्चे नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले. "ज्याला गरज त्याला. पण गरज कुणाला हे ठरवणार कोण? तुम्ही? म्हणजे मालक गेला आणि वाटणारी आली. मालकाशी निदान भांडता तरी यायचं."

हे मला पटलं. आधीचंही पटलं होतं. मी शांततेसाठी म्हणालो, "पण शेवटी दोन्ही एकच ना?"

दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पिढीजात जमीनदार असून त्यांच्या जिन्यात चोरून राहतोय. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर : मी अडाणी आहे.

गरज ठरवायची तर ठरवा, असं म्हणून रविवारी सकाळी सिस्टरांनी जिन्याच्या वळणावर तपासणी ठेवली. मी निर्धास्त होतो. या इमारतीत माझ्याइतकी पाठ कुणाची दुखत असेल? पण खुर्ची मिळणार म्हटल्यावर सज्जन माणसांची हाडं कशी बोलायला लागतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. घड्याळजी आदल्या दिवशी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढत होते, ते भिंत धरून आले. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी गुडघ्याचे तीन फोटो आणले, त्यातला एक यजमानांचा होता. माझ्या पाठीत सिस्टरांनी बोट खुपसलं.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही... आई गं!"

"हा फुगवून सांगतोय," त्या काकांना म्हणाल्या. "याला कणा चांगलाय. बसायची सवय वाईट आहे."

गरजेच्या यादीत मी तिसरा आलो. माझ्या खुर्चीसाठी! आयुष्यात मला पहिला नंबर कधी मिळाला नाही, याचं मला वाईट वाटत नाही. पण निदान दुखण्यात तरी कुणी मला मागे टाकू नये. काकांच्या हिशेबानं माझे अडीच पाय, सिस्टरांच्या हिशेबानं माझा तिसरा नंबर. निकाल लागेपर्यंत खुर्ची जिन्याखालच्या खोलीतच राहील आणि तिच्यावर कुणीही बसणार नाही, असं ठरलं. मी ट्रंकेवर बसून दोघांविरुद्ध एक जळजळीत लेख लिहायला घेतला. दुसऱ्या पानावर स्वेटर निघाला.

असे दोन महिने गेले आणि नगर कार्यालयाचा निरीक्षक आला. आग लागली तर माणसं पळू शकतील का, म्हणून जिने तपासत होता. त्यानं खोलीचं दार उघडलं, पाटी वाचली, परत वाचली.

"हे सामान कुणाचं?" त्यानं विचारलं.

काका आणि सिस्टर दोन महिने एकमेकांशी भांडत होते, पण या प्रश्नाला दोघांच्या तोंडून एकदमच उत्तर आलं, कवायतीसारखं : "कुणाचंच नाही!"

"नक्की?"

"लिहिलंय की," सिस्टर अभिमानानं म्हणाल्या.

निरीक्षकानं माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीकडे बघत होतो. "तुमची आहे का ही?"

आता बघा, एक शब्द बोलायचा होता. पण पाटी माझी होती. चौदा खर्ड्यांनंतर आलेलं निर्दोष वाक्य. लेखकानं स्वतःच्या वाक्याशी बेइमानी करायची, तीही वाचकासमोर? माझी मान आपोआप हलली. नाही.

"मग बेवारस," तो म्हणाला आणि त्यानं पावतीपुस्तक काढलं. तासाभरात हातगाडी आली. करवत, रंधा, हातोडी, गिरमिट, पटाशी आणि माझी खुर्ची, पाय वर करून, गल्लीतून गेली. माझं लिखाण वाचून सरकारनं काही हालचाल केली, असं आयुष्यात एकदाच घडलं.

खाली आम्ही तिघं उभे होतो. काका हळूच म्हणाले, "वाक्यात दोष नव्हता हो." मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

नगर कार्यालयात बेवारस माल विभाग तिसऱ्या मजल्यावर, लांब कॉरिडॉरच्या टोकाला आहे. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं पहिलीकडे. शेवटी एका शिपायानं दयेनं खरं दार दाखवलं. आम्ही तिघं आत गेलो. कपाटांच्या रांगा, दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे, टेबलामागे एक कारकून बाई. आणि बाई बसल्या होत्या माझ्या खुर्चीवर.

मी ओळखली. आपली वस्तू माणूस पाठीवरूनही ओळखतो. आखूड पायाखाली त्यांनी फायलीची घडी सरकवली होती.

"बाई, ही खुर्ची..."

"बेवारस आहे. तीस दिवसांत कुणी आलं नाही तर कार्यालयाची." त्यांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी... ही माझी आहे."

मागे सिस्टरांनी खोल श्वास घेतला. काका खोकले. मला कपडे काढून रस्त्यात उभं राहिल्यासारखं झालं.

"सगळेच म्हणतात माझी. खूण सांगा."

मग मी सांगायला लागलो. "उजवा मागचा पाय बोटभर आखूड आहे. तुम्ही घडी घातलीय त्याखाली. पाठीची मधली पट्टी खालून वाकडी आहे, ती या सिस्टरांनी ठोकून बसवली. डावी दांडी गुळगुळीत, उजवी खडबडीत, कारण घासणारा माणूस घड्याळजी आहे आणि त्याचा वेळ संपला. बसायच्या फळीखाली तपकिरी डाग आहे, तो माझ्या अंगठ्याचा. एका बाजूला तीन खिळे वाकडे आहेत. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं, वाकडे जाताहेत म्हणून."

"चारदा सांगितलं होतं," काका म्हणाले.

बाई उठल्या. खुर्ची उलटी केली. डाग होता. घडीशिवाय सरळ ठेवल्याबरोबर खुर्ची डुगडुगली. इतक्या चुका एका जागी पाहून त्यांना माझ्या मालकीची खात्री पटली.

"पाठीला बरी आहे हो," त्या जरा हळहळून म्हणाल्या. "चार दिवस बसले, रग लागली नाही."

माझ्या कुठल्याही कामाबद्दल कुणीही लिहिलेला हा सर्वांत चांगला अभिप्राय. फक्त तो लिहिलेला नाही.

त्यांनी फॉर्म पुढे केला. "मालक या रकान्यात नाव घाला."

पेन हातात धरून मी मागे वळलो. एकीकडे समूहवाद, एकीकडे साम्यवाद, दोघंही माझ्या पेनाकडे बघत होते.

"अडीच पायांचा मालक, असं लिहा," काका म्हणाले.

"रकाना एकच आहे," बाई म्हणाल्या.

"लिही," सिस्टर म्हणाल्या. "पण वाईट वाटून लिही."

मी लिहिलं. वाईट वाटायचा प्रयत्न केला. वाटलं नाही, हे आज कबूल करतो.

"आता पुढचं. वस्तू कशासाठी? वैयक्तिक वापर की उत्पादनाचं साधन? साधन असेल तर परवाना लागेल."

"वैयक्तिक!" सिस्टर पुढे सरसावल्या. "दात घासायचा ब्रश जसा ज्याचा त्याचा, तसं हे. अंगवळणी पडलेल्या वस्तूवर आमचं काही म्हणणं नाही."

"कसं काय?" काका उसळले. "तो तिच्यावर बसून लिहिणार. लेखन हे उत्पादन आहे. म्हणजे खुर्ची साधन झाली."

इतक्या वर्षांत काकांनी लेखनाला उत्पादन म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी परवान्याच्या खिडकीपुढची रांग आठवून घामही फुटला.

बाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "लिहून काही निघतं का?"

"निघतं म्हणजे?"

"म्हणजे छापून येतं? कुणी घेतं?"

सिस्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला. खोटं बोललो असतो तर मान राहिला असता आणि खुर्ची गेली असती.

"नाही," मी म्हणालो.

"मग वैयक्तिक," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

बाकीची हत्यारंही सोडवायची होती. सिस्टरांनी हातोडीसमोर "माझी" लिहिलं, ते इतकं दाबून की खालच्या तीन प्रतींवर उमटलं. काकांनी रंध्यासमोर लिहिलं आणि लगेच फॉर्ममधल्या छपाईच्या दोन चुकांवर खुणा केल्या, म्हणजे आपण अगदीच शरण गेलो असं होऊ नये. करवतीला घड्याळजींची सही लागणार होती. ते दुसऱ्या दिवशी जाऊन तिचे दात मोजून घेऊन आले.

संध्याकाळी सगळं पुन्हा जिन्याखालच्या खोलीत गेलं. नवी पाटी मीच लिहिली, एकाच खर्ड्यात : "येथील प्रत्येक वस्तूस मालक आहे. कोण ते विचारू नये." काकांनी वाचली, पण या वेळी निर्दोष म्हणाले नाहीत.

खुर्ची मात्र घरी आणली. घड्याळजींनी उजवी दांडी घासून द्यायची तयारी दाखवली. मावशी येऊन दोन मिनिटं बसून गेल्या, गुडघ्याचा फोटो न आणता. मग सगळे आपापल्या घरी गेले. मी खुर्ची खिडकीजवळ ओढली, कागद घेतले, बसलो, टेकलो. पहिलं वाक्य आलं. चांगलं होतं. दुसरंही येत होतं.

"अहो," बायको म्हणाली, "जरा उठता का? पंखा पुसायचाय. ट्रंकेवरून हात पोचत नाही."

"ही माझी खुर्ची आहे," मी म्हणालो. "वैयक्तिक वापराची. कागद आहे माझ्याकडे."

"असू दे की. आत्ता गरज मला आहे."

तिच्या बोलण्यात काही वाद नव्हता, काही सिद्धांत नव्हता. स्वेटर काढताना बावीस वर्षं ती ज्या आवाजात बोलली, तोच आवाज होता. खाली जिन्यात दोन महिने दोन माणसं ज्यावरून घसा फोडत होती, ते माझ्या घरात लग्नापासून चालू होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. तासांची वही नाही, तपासणी नाही. ज्याला लागलं त्यानं घेतलं. आणि गरज कुणाला हे ठरवणार कोण, या काकांच्या प्रश्नाचं उत्तर ओलं फडकं हातात घेऊन माझ्यासमोर उभं होतं.

मी उठलो. ती चढली. आखूड पाय डुगडुगला.

"अहो, धरा ना! पडेन मी!"

मी कागद ट्रंकेवर ठेवले आणि खाली बसून खुर्ची धरली. शिक्क्याचा कागद शर्टाच्या खिशात होता, मालकाच्या रकान्यात माझं नाव होतं आणि मालकाचे दोन्ही हात त्या आखूड पायाला गच्च धरून होते. वरून धूळ पडत होती. दुसरं वाक्य डोक्यातून निसटत चाललं होतं.

"हलू देऊ नका हं," ती वरून म्हणाली.

मी हलू दिली नाही.